पहिली सुई

"तारीख बोला."

दुकानात शिरलेल्या माणसाला मामा एवढंच म्हणत. या, बसा, काय दाखवू, यातलं काही नाही. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकायची, मग तुमच्याकडे, आणि मग हे असं पोलीस ठाण्यात विचारावं तसं विचारायचं.

नवखा माणूस गडबडून जायचा. एकदा लग्नघरचे दोघे जण वरातीसाठी कॅसेट घ्यायला आले होते. मामांनी तारीख विचारल्यावर त्या भाबड्यांनी लग्नाची तारीख सांगितली. मामा मागच्या मांडणीकडे वळले, त्या तारखेच्या कप्प्यात हात घातला आणि विरहाच्या गझलांची एक कॅसेट आणि कीर्तनाची एक रेकॉर्ड काढून काउंटरवर ठेवली. "त्या दिवशी ह्येच निघालंय," ते गंभीरपणे म्हणाले. "तारीख बदलता येती का बगा." मग त्या दोघांचे चेहरे पाहून स्वतःच हसले आणि समोरच्या खोक्यातून त्यांना हवी ती नाचाची कॅसेट काढून दिली.

मामा म्हणजे माझे कोणी मामा नव्हेत. औरंगपुऱ्यातल्या त्या बोळात त्यांना सगळेच मामा म्हणत. ते मला 'पेपरवाले' म्हणत, कारण मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो आणि माझं नाव लक्षात ठेवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचं मूळ गाव कन्नडच्या अलीकडे, घरी शेती. शिकायला म्हणून शहरात आले, कॉलेज अर्धवट सोडून कापडाच्या दुकानात लागले आणि चार-पाच वर्षांत रेकॉर्डचं दुकान टाकून मोकळे झाले. घरच्यांनी म्हणे वर्षभर अबोला धरला होता.

विकायचा माल पुढे खोक्यांमध्ये असे. मागची मांडणी मात्र त्यांची स्वतःची, विक्रीसाठी नव्हे. पोस्टात पत्रं वेगळी करायला खणाखणांची मांडणी असते ना, तशी एका सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. एका भिंतीवर जानेवारी ते जून, समोरच्या भिंतीवर जुलै ते डिसेंबर. प्रत्येक महिन्याची एक रांग आणि रांगेत एकतीस उभे, अरुंद कप्पे. सुतारानं सगळ्या रांगा सारख्याच केल्यामुळे सहा कप्पे जास्तीचे निघाले. मामांनी तेही वाया घालवले नाहीत. तीस फेब्रुवारीला त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असत, एकतीस सप्टेंबरला सुयांची डबी, आणि चष्मा सापडेना झाला की ते स्वतःशी पुटपुटत, "एकतीस जूनला बगितलं का?"

बाकीच्या कप्प्यांत ज्या त्या तारखेला निघालेलं संगीत. कोणी गायलं, कोणत्या भाषेत, कोणत्या वर्षी, याचा काही संबंध नाही. कव्वालीला कव्वाली चिकटलेली नाही की सिनेमाला सिनेमा. तारीख एक, बस्स.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हा सगळा विक्षिप्तपणा वाटला होता. पेपरवाल्याची खोड म्हणून परीक्षा घ्यावी असं मनात आलं. मी माझ्या वाढदिवसाची तारीख सांगितली, बावीस नोव्हेंबर. मामांनी मला स्टुलावर बसवलं, बाहेरून चहा मागवला आणि कप्प्यातून चार गोष्टी काढल्या. दुकान सुरू झालं त्या सुमाराची कव्वालीची मोठी रेकॉर्ड. त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेली सिनेगीतांची छोटी तबकडी. मग एका गझल गायकाची कॅसेट. आणि शेवटी त्याच वर्षी निघालेली, अजून चकाकणारी सीडी, कोण्या कोवळ्या पोरापोरींच्या बँडची.

त्यांनी एकापाठोपाठ एक लावलं, मध्ये अक्षरही न बोलता. कव्वालीतल्या टाळ्या थांबल्या तेव्हा बाहेर सायकली आणि टांगे असावेत असं वाटत होतं, आणि सीडी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दोन-अडीच तास हललेलो नाही. माझ्या जन्माच्या तारखेला जगात असं काहीबाही होत आलं होतं, दर वेळी कोणीतरी नवं काहीतरी गाऊन ठेवत होतं, आणि मला पत्ता नव्हता. एवढी वर्षं मी त्या दिवशी फक्त श्रीखंड खाल्लं होतं.

"बगा," मामा म्हणाले, "समदा मिळून एकच दिवस हाय ह्यो. लई खोल हाय, नाय?"

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

पुढे कळली ती त्यांची रीत तर आणखीच निराळी. नवीन माल मुंबईहून रेल्वेनं येई. तेव्हा आपल्याकडे छोट्या रुळांची गाडी होती, त्यामुळे मनमाडला पार्सल एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढायचं, आणि कधी चढायचं ते मनमाडच्या हमालांनाच ठाऊक. मामा स्टेशनवरून पार्सल स्वतः सायकलवर आणत. नव्या रेकॉर्डचं सील फोडलं की ते दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहत आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही हाक मारत. "ओ, जरा येता का? सुई ठेवायचीय."

गावात त्या रेकॉर्डवर पडणारी पहिली सुई परक्या माणसानं ठेवायची, असा त्यांचा नेम होता. कोणी शिंपी, कोणी प्राध्यापक, कोणी भाजी घेऊन घरी निघालेली बाई. तो माणूस हात पुसत, लाजत सुई ठेवायचा, एक बाजू ऐकायचा आणि जायचा. मामा कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख लिहीत आणि खाली त्या माणसाचं नाव. ती प्रत मग विकायची नाही, कप्प्यात जायची. कॅसेटी आल्या तेव्हा सुईऐवजी बटण आलं, पण मामा त्यालाही 'पहिली सुई'च म्हणत. मी एकदा तक्रार केली की मला कधी बोलावत नाही. "तुमी रस्त्यानं कुठं जाता?" ते म्हणाले. "तुमी तर हितंच असता."

काही माणसं आपापल्या तारखेला दर वर्षी येत. त्यातल्या एक सिस्टर. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, पदमपुऱ्यात राहायच्या. ऑगस्टात त्यांचा दिवस असे. दुपारी चारला यायच्या, पर्स मांडीवर ठेवून स्टुलावर बसायच्या, भावगीतांच्या रेकॉर्डची एक बाजू ऐकायच्या आणि "येते मामा" म्हणून जायच्या. त्या निवृत्त झाल्या, केस पांढरे झाले, पण चार म्हणजे चार.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मला वाटलं, हे सगळं पेपरात यायला हवं. 'आजच्या दिवशी' अशी रोज एक चौकट सुरू केली. आज अमुक वर्षी ही रेकॉर्ड प्रकाशित झाली, तमुक वर्षी ती कॅसेट. माहिती मामांची, शब्द माझे. चौकट चांगलीच चालली. लोक अग्रलेख सोडून ती वाचतात, असं संपादक मला थोड्या नाराजीनंच म्हणाले. मामा रोज पेपरातून ती कापून काउंटरच्या काचेखाली सरकवत.

आणि मग एक पत्र आलं. मुंबईत एका रेकॉर्ड कंपनीच्या प्रकाशन विभागात उभी हयात काढून आमच्या गावच्या सिडकोत मुलाकडे राहायला आलेले एक गृहस्थ होते. अत्यंत नम्र पत्र. त्यांच्याकडे कंपनीची छापील पत्रकं होती, त्यावर प्रत्येक रेकॉर्डच्या प्रकाशनाची तारीख होती. आमची एकही तारीख त्यांच्याशी जुळत नव्हती. आम्ही कुठे सहा दिवस उशिरा होतो, कुठे नऊ, कुठे अकरा. त्यांनी पत्रकांच्या प्रतीही जोडल्या होत्या.

तुमच्या लक्षात आलं असेलच. मामा ज्याला निघाल्याची तारीख म्हणत होते, ती पार्सल पोचल्याची तारीख होती. बोळातल्या शेंबड्या पोराच्या लक्षात यावी अशी गोष्ट. मामांच्या आली नाही, आणि उपसंपादक म्हणून स्वल्पविरामासाठी बातमीदारांशी भांडणाऱ्या माझ्याही आली नाही. मी ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. शेवटी नेऊन दिलं.

मामांनी चष्मा शोधून पत्र दोनदा वाचलं. पत्रकं एकेक करून पाहिली.

"सील मी फोडायचो ना हो," ते म्हणाले. "सीलबंद वस्तू म्हंजी अजून निघालीच नाय, असं धरलं मी. मी फोडली की निघाली. मुंबईत आधीच लोकं ऐकत असतील, ह्ये कवा डोक्यातच आलं नाय."

मी म्हणालो, "मामा, एवढं काही नाही त्यात."

"कसं नाय?" त्यांचा आवाज चढला. तसा मी तो एरवी कधी ऐकला नव्हता. "ह्याच मांडणीसमोर उभं राहून किती जणांना खोटं पाडलं मी. एक मास्तर म्हणला होता, मामा ह्ये जरा आधीचं असंल. त्याला हसलो मी, पेपरवाले. चारचौघात हसलो." मग त्यांनी काचेखालची माझी कात्रणं एकेक करून काढली, नीट घडी घातली आणि मला दिली.

दुसऱ्या दिवसापासून शटर अर्ध्यावर. त्यांनी दोन्ही भिंती रिकाम्या करायला घेतल्या. सगळं खऱ्या तारखेला लावायचं, म्हणाले, नाहीतर ठेवायचंच नाही. सत्तरीच्या पुढचा माणूस, रक्तदाब, आणि शेकडो रेकॉर्डी जमिनीवर आमच्याच पेपरच्या रद्दीवर पसरलेल्या. माझ्यामुळे झालं म्हणून मी रजा घेऊन मदतीला बसलो. पत्रकांवरून आणि फोनवरून खरी तारीख शोधायची, मामांच्या तारखेशेजारी लिहायची, रेकॉर्ड नव्या कप्प्यात.

तेव्हा ती यादी माझ्या डोळ्यांसमोर तयार होत गेली, आणि एका दुपारी मी लिहिता लिहिता थांबलो. मामांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी नऊ-दहा दिवस उशिरा होत्या. मोठ्या रुळांची गाडी आली तशी ती संख्या चार-पाचवर आली. पुढे कुरियर आलं, दोनवर आली. एखाद्या पावसाळ्यात मध्येच चौदा. तेव्हा रूळ वाहून गेले असावेत. मुंबईत उमटलेला आवाज आमच्या गावापर्यंत किती दिवस चालत येत होता, ते या माणसानं कोणीही न सांगता, चुकून, पन्नास वर्षं टिपून ठेवलं होतं. हे दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, कंपनीकडेही नव्हतं. मी मामांना ते सांगायला गेलो तर ते म्हणाले, "लिवा, लिवा. बारा मार्च झालं का?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी चारला शटरखालून वाकून सिस्टर आत आल्या. आम्ही दोघेही त्यांचा दिवस पार विसरलो होतो. त्यांनी जमिनीवरचा पसारा पाहिला, स्टूल शोधून बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

मामा खाली मान घालून उभे राहिले. "तुमची तारीख नऊ दिवस आधीच होऊन गेली, सिस्टर," ते म्हणाले. "मीच चुकलो होतो. एवढी वर्षं तुमाला चुकीच्या दिवशी बोलावलं."

सिस्टरना काही समजेना. मी त्यांना पत्राची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"मामा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्या दारावरून का चालले होते, माहितीये का?"

"नाय."

"माझी पहिली ड्यूटी होती. एक लहान मुलगी होती वॉर्डात, सहा वर्षांची. माझा हात धरूनच गेली ती. ड्यूटी सुटली आणि मी रडत रस्त्यानं निघाले. नोकरी सोडायची, घरी जाऊन सांगायचं, असं ठरवून. तुम्ही पायरीवर उभे. म्हणालात, बाई, जरा सुई ठेवता का? माझ्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाहीत. मी सुई ठेवली, एक बाजू ऐकली आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मुंबईत निघाली असेल नऊ दिवस आधी. नऊ दिवस आधी ती पोरगी जिवंत होती. माझा दिवस हलवता येत असेल तर हलवा तुम्ही."

मामा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि पसाऱ्यात ती रेकॉर्ड शोधू लागले. सापडली. लावली. सिस्टरनी एक बाजू ऐकली, "येते मामा" म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचा महिनाभर आम्ही सगळं होतं तिथं परत लावलं. चौकटीचं नाव मी बदललं, 'आजच्या दिवशी, आपल्या गावात' असं केलं, आणि चूक कशी झाली, सीलचं काय झालं, ते सगळं कबूल करून छापलं. सिडकोतले गृहस्थ स्वतः दुकानात येऊन गेले. त्यांनी आपली तारीख सांगितली नाही. मांडणीकडे नुसते पाहत राहिले आणि जाताना मामांना वाकून नमस्कार केला. मामा त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान होते.

हळूहळू दुकानात येण्यासारखं काही निघेनासं झालं. मी एकदा माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. तिनं त्याच दिवशी निघालेली गाणी फोनवर लावून दाखवली. मामांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"ह्ये अमेरिकेत कवा येणार?"

"आलं की मामा. सगळीकडे एकदमच येतं," ती म्हणाली.

"म्हंजी तिथं अन् हितं आपल्या गावात, एकाच टायमाला?" त्यांचा चेहरा उजळला. "लई मोठी गोष्ट झाली ही. मनमाडच गेलं की मधून." मग फोन परत देताना म्हणाले, "पण मग आपल्या गावाचा दिवस कोणता हो?"



दोन वर्षांपूर्वी करमाडची एक मुलगी त्यांच्याकडे आली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करायची, स्वतः गाणी रचून गायची. माझी चौकट वाचत मोठी झालेली. तिनं साठवलेल्या पगारातून आपल्या गाण्यांच्या मोजक्या रेकॉर्डी बनवून घेतल्या होत्या. आता पुन्हा रेकॉर्डची हौस आली आहे म्हणे लोकांना. तिनं काउंटरवर एक सीलबंद रेकॉर्ड ठेवली. मामांना तोवर कंपवात झाला होता. त्यांची मुलगी सिडकोतल्या आपल्या घरून त्यांना रोज आणून सोडायची आणि ते नुसते बसून असत.

"कवा निघाली?" त्यांनी विचारलं.

"अजून कुठंच नाय निघाली, मामा. फोनवर उद्या टाकणारे मी. तुमी सील फोडलं की निघंल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग सील फोडलं. त्याला बराच वेळ लागला, पण आम्ही कोणी हात लावला नाही. नेहमीप्रमाणे ते भिंत धरत पायरीकडे निघाले, कोणाला तरी हाक मारायला. करमाडच्या मुलीनं त्यांना अडवलं.

"तुमीच ठेवा ना."

"मी कवा ठेवली नाय, पोरी."

हे खरं होतं. दुकान टाकल्यापासून हजारभर रेकॉर्डी त्यांनी सीलमधून काढल्या असतील. पहिली सुई कधी एकदाही स्वतः ठेवली नव्हती, आणि इतकी वर्षं शेजारी बसून माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसला. सुईचा दांडा उचलला. हात थरथरत होता, दांडा डोलत होता, आणि टेकता टेकता सुई खर्रकन पुढे घसरली.

"बिघडवली मी," मामा कळवळून म्हणाले. "तुजी रेकॉर्ड बिघडवली."

"राहू द्या, मामा. ऐका," ती म्हणाली.

आम्ही ऐकलं. गाणं तिच्या गावच्या रस्त्याचं होतं आणि ते चांगलं होतं. मामा डोळे मिटून बसले होते. बाजू संपल्यावर त्यांनी कव्हरच्या आत पेन्सिलीनं वाकड्यातिकड्या अक्षरांत तारीख लिहिली आणि खाली आपलं नाव. त्यांचं पूर्ण नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चार महिन्यांनी मामा गेले. मांडणी आता त्यांच्या मुलीच्या घरी, सिडकोत, बैठकीच्या दोन भिंतींवर आहे. सोफा ठेवायला जागा उरली नाही, म्हणून आलेली माणसं सतरंजीवर बसतात. येतात अजून, आपापल्या तारखेला.

करमाडच्या मुलीचं गाणं मी फोनवर पुष्कळदा ऐकलं आहे. सुरुवातीला तिचा श्वास ऐकू येतो, मग आवाज, सगळं स्वच्छ. यंदा त्या तारखेला आम्ही सिडकोत जमलो. ती होती, मी होतो, सिस्टर होत्या. ती म्हणाली, सिस्टर, तुम्ही लावा. सिस्टरनी अलगद सुई ठेवली. शब्द सुरू व्हायच्या आधी, तिच्या श्वासावरच, टक्, टक्, टक् असे तीन ठोके आले. मामांचा हात घसरला होता, तो ओरखडा. मग गाणं सुरू झालं. एक ओळ झाली असेल नसेल, सिस्टरनी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला, त्या ठोक्यांच्या आधी, नेऊन ठेवली.